गच्चीवर ड्राइव्ह-इनच्या जमान्यातले भुताचे पिक्चर कसे लावायचे: आधी काळोख, मग प्रोजेक्टर

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "प्रोजेक्टर कुठला घेतलास?" आणि मी दरवेळी सांगते की प्रोजेक्टरचं नंतर बघू, आधी रात्री आठ वाजता तुमच्या गच्चीवर जा, तिथले दिवे बंद करा आणि स्वतःचा तळहात बघा. रेषा स्पष्ट दिसत असतील तर तिथे भुताचा पिक्चर रंगणार नाही, कितीही महागाचा प्रोजेक्टर आणा. कारण प्रोजेक्टर फक्त उजेड टाकतो, काळा रंग त्याला टाकताच येत नाही. पडद्यावर जे काळं दिसतं ना, ते म्हणजे जिथे उजेड पडलेला नाही तिथलं नुसतं कापड, म्हणजे तुमच्या गच्चीवर जेवढा काळोख तेवढाच काळा तुमच्या सिनेमात.

आणि मी ज्या सिनेमांबद्दल बोलतेय, साधारण १९५० च्या दशकाच्या शेवटापासून १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इन, म्हणजे उघड्यावर गाडीत बसूनच पिक्चर बघायच्या थिएटरांसाठी कमी पैशात काढलेले गॉथिक हॉरर, जुने वाडे, तळघरं, धुकं, मेणबत्त्या, शापित घराणी वगैरे, त्यांचा अर्धा सेट काळोखाचाच आहे. भिंत बांधायला पैसे नव्हते म्हणून तिथे सावली ठेवली. ती सावली धुवून निघाली की उरतो नुसता प्लायवूडचा दरवाजा, मग लोक हसायला लागतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण चूक सिनेमाची नसते, लावणाऱ्याची असते.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला राहतो, चार मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही पण गच्ची मोठी. गेले तीन हिवाळे आम्ही तिथे हे पिक्चर लावतोय. पहिल्या वेळी काहीच जमलं नव्हतं, मोठी चादर दोन पाइपांना बांधलेली, बारा फुटांचं चित्र, जिन्यातली ट्यूब चालू, समोरच्या टॉवरच्या पोडियमचा फ्लडलाइट सरळ चादरीवर, पडद्यावर नुसती राखाडी माणसं राखाडी खोलीत फिरत होती आणि अर्ध्या तासात निम्मे लोक खाली गेले. त्यानंतर एकेक गोष्ट सुधारत गेलो, ती सगळी इथे लिहून ठेवते.

आधी थोडं हे पिक्चर कुठून आले ते सांगते, कारण ते कळलं की गच्चीवर काय करायचं ते आपोआप सुचतं. पहिलं ड्राइव्ह-इन ६ जून १९३३ ला न्यू जर्सीतल्या कॅमडेनजवळ सुरू झालं, रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसाने केलं. त्याने आधी स्वतःच्या अंगणात ट्रायल घेतली होती, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना चादर ठोकली, चादरीमागे रेडिओ ठेवला आणि पाऊस आला तर कसं दिसेल म्हणून बागेला पाणी घालायचा फवारा गाडीवर सोडून बघितला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आपण गच्चीवर जे करतो ते तेच आहे. पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत अशी चारेक हजार ड्राइव्ह-इन झाली आणि एवढ्या पडद्यांना दर आठवड्याला काहीतरी नवीन लागायचं, एका तिकिटात दोन पिक्चर, आणि ते पुरवायला छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यातली सगळ्यात महत्त्वाची अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स, १९५४ ला जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी सुरू केलेली. दिग्दर्शक रॉजर कॉरमन त्यांच्यासाठी दहा-दहा दिवसांत ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर काढून द्यायचा, दोनाची जोडी. मग त्याने कंपनीला पटवलं की दोन स्वस्तातले काढण्यापेक्षा एकच काढू, पण रंगीत आणि पंधरा दिवस घेऊन, आणि त्यातून १९६० चा 'हाऊस ऑफ अशर' आला.

गोष्ट एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची, तो १८४९ लाच गेलेला त्यामुळे हक्काचे पैसे कुणाला द्यायचे नव्हते. सेट लावणारा डॅनियल हॅलर, तो मोठ्या स्टुडिओंकडे पडून असलेले जुने सेटचे तुकडे, कमानी, जिने, खांब आणायचा आणि जोडायचा, आणि ते तुकडे जपून ठेवून पुढच्या पिक्चरला त्यात भर घालायचा, त्यामुळे दर पिक्चरमध्ये वाडा थोडा मोठा होत गेलेला दिसतो. जिथे सेट संपतो तिथे धुकं सोडायचं. सुरुवातीला नायक घोड्यावरून जळक्या रानातून येतो ना, ते रान खरंच वणव्यात जळलेलं होतं, कळल्यावर लगेच युनिट घेऊन गेले आणि शूट केलं. शेवटी वाडा जळतो त्यासाठी पाडायला निघालेलं एक धान्याचं कोठार मिळालं, ते पेटवलं, आणि त्या जळत्या वाशांचे शॉट्स कॉरमनने पुढच्या कितीतरी पिक्चरमध्ये परत वापरले. म्हणजे जे हाताशी आहे त्यातून वातावरण करायचं. आपल्याकडे रामसे बंधूंनी 'दो गज़ ज़मीन के नीचे' १९७२ ला काढला, मग १९८४ चा 'पुराना मंदिर', त्यातही हेच आहे, धुकं, निळा उजेड, करकरणारा दरवाजा, आणि माझ्या आईबाबांच्या वयाच्या लोकांना गॉथिक म्हणजे काय हे समजवायची गरजच पडत नाही, रामसेंच्या हवेलीचे विलायती काका म्हटलं की झालं.

आता गच्ची.

पडद्याचं तोंड कुणीकडे करायचं हे सगळ्यात आधी ठरवा. बरेच जण पडदा अशा बाजूला लावतात की मागे छान व्ह्यू येईल, पण बघायचं हे असतं की पडद्याच्या समोर काय आहे, कारण समोरून येणारा उजेडच चित्र धुतो, मागून येणारा नाही. ठाण्यात आपल्याकडे एक सोय आहे, पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि जंगल, तिकडे रात्री दिवे नाहीत, आणि दुसऱ्या अंगाला घोडबंदर रोड, हायवे, टॉवर, जाहिरातींचे बोर्ड. म्हणून आम्ही पडद्याचं तोंड येऊरकडे करतो. याला एक अडचण आहे, मावळतीचा उजेड डोंगरामागून बराच वेळ पडद्यावर येत राहतो, डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो तरी सात वाजेपर्यंत आभाळ पूर्ण विझत नाही, त्यामुळे सातच्या आधी सुरू करायचा मोह टाळा. कोलशेत, बाळकूमकडे खाडीच्या बाजूची गच्ची असेल तर उलट खाडीकडे तोंड करा. नवी मुंबईत पाम बीचच्या बाजूच्या बिल्डिंगला खारफुटीकडची बाजू अंधारी मिळते.

एखादा फ्लडलाइट उरतोच. त्यासाठी मंडप डेकोरेटरकडून दोन बांबू आणि गडद रंगाची कनात एका रात्रीपुरती भाड्याने घ्या, गणपतीच्या सजावटीतलं काळं कापड घरी असेल तर तेही चालतं, आणि गच्ची झाकायची नाही, फक्त तो एक दिवा आणि पडदा यांच्यामधली रेघ तोडायची. कुणालातरी पडद्याजवळ उभं करा, त्याला दिवा दिसतोय तोवर कनात सरकवत राहा. जिन्यातली ट्यूब, पाण्याच्या टाकीवरचा बल्ब, लेव्हल दाखवणारा लाल दिवा, सगळं बंद किंवा झाका. मात्र जिन्याच्या पायऱ्यांवर एक छोटा टॉर्च जमिनीकडे तोंड करून ठेवाच, आजी-आजोबा वर-खाली करणार असतात.

तारीख पंचांग बघून ठरवा, हे मी अगदी मनापासून सांगते. संकष्टीला उपास सोडायला आपण चंद्राची वाट बघतो तो साधारण नऊच्या आसपास येतो, म्हणजे तुमच्या दुसऱ्या पिक्चरच्या ऐन मध्यात, त्यामुळे संकष्टी नको आणि त्याआधीची पौर्णिमा तर अजिबात नको. वद्य अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीच्या पुढे उगवतो, तिथपासून अमावास्येपर्यंत सगळ्या रात्री तुमच्या. मी एकदा अमावास्या धरली होती तर शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "अगं अमावास्येला कसले भुताचे पिक्चर लावतेस, दोन दिवस अलीकडे घे की." मी घेतले. त्या स्वतः आल्या, शेवटपर्यंत बसल्या, आणि तेव्हापासून तारीख त्याच सांगतात. महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटपर्यंत, मार्चनंतर अंधार उशिरा पडतो आणि पावसाळ्यात तर प्रश्नच नाही.

परवानगी तोंडी घेऊ नका, सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र द्या, तारीख, वेळ, किती लोक, आणि शेवटच्या मजल्यावरच्या घरांना स्वतः जाऊन सांगा कारण खुर्च्या ओढल्याचा आवाज त्यांच्याच डोक्यावर होतो. म्हणून खुर्च्या कमी, सतरंज्या जास्त. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही हा कायदा आहे, तो काटेकोर पाळा, आणि ही मर्यादा खरं तर आपल्या फायद्याची कशी ते पुढे सांगते. तिकीट लावू नका, वर्गणी काढू नका, हा घरचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा कार्यक्रम ठेवा.

पडद्यासाठी चादर नको. चादरीतून उजेड आरपार जातो, चुण्या पडतात आणि वारा आला की शिडासारखी फुगते, भुताचं तोंड वाकडं होतं. टाकीखाली किंवा जिन्याच्या डोक्यावर सपाट भिंत असेल तर सगळ्यात उत्तम, सोसायटीला विचारून तेवढा भाग रंगवून घ्या, आणि इथे एक युक्ती, पांढराशुभ्र रंगवू नका, मॅट पांढऱ्यात काळं स्टेनर अगदी थोडं घालून फिकट राखाडी करा. उरलासुरला उजेड पांढऱ्या भिंतीवर जास्त चमकतो, राखाडीवर काळं जास्त काळं दिसतं, आणि आपल्याला काळंच तर हवंय. भिंत नसेल तर जांभळी नाक्याच्या बाजारातून जाड मांजरपाट घ्या, मागे काळा अस्तर लावून घ्या, वर आणि खाली नेफा शिवून घ्या, वरच्या नेफ्यात एक बांबू आणि खालच्यात दुसरा, खालच्या बांबूच्या वजनानेच कापड ताठ राहतं. चारी कोपरे दोरीने आवळून बांधलेत तर वारा कापड फाडेल, खालचा बांबू थोडा हलता ठेवा.

चित्र लहान ठेवा. हे लोकांना पटत नाही, सगळ्यांना मोठ्ठं हवं असतं. हिशोब सांगते. घरगुती छोटे एलईडी प्रोजेक्टर खोक्यावर हजारो ल्युमेन (उजेडाचं माप) लिहितात, त्याकडे लक्ष देऊ नका, एएनएसआय ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, किती ते बघा, बऱ्याचदा ते ३०० च्या आसपास असतात. ३०० ल्युमेन सहा फूट रुंद चित्रावर टाकले तर चित्र साधारण वीस चौरस फुटांचं होतं, म्हणजे चौरस फुटाला पंधरा ल्युमेन, आणि चांगल्या थिएटरात पडद्यावर साधारण तेवढाच उजेड असतो. तेच चित्र बारा फूट केलं की क्षेत्रफळ चौपट, उजेड पाव. आमचं पहिल्या वेळी नेमकं हेच झालं. सहा फुटांच्या चित्रासमोर वीस-पंचवीस माणसं जवळ जवळ बसली की छान दिसतं, आणि भुताचा पिक्चर तसाही एकमेकांना चिकटून बघायचा असतो. प्रोजेक्टर बहुतेक सात ते नऊ फुटांवर येतो, म्हणजे प्रेक्षकांच्या मधोमध, त्याला छोट्या स्टुलावर ठेवा, वायरीवर चिकटपट्टी मारा आणि मुलांना त्या बाजूने धावायला बंदी. प्रोजेक्टरच्या सेटिंगमधला भडक मोड बंद करा, ब्राइटनेस खाली आणा, कॉन्ट्रास्ट थोडा वर, पडद्यावरचा काळा कोपरा आणि पडद्याबाहेरची भिंत सारखी दिसेपर्यंत.

आवाजाबद्दल लोक निष्काळजी असतात. मोठा स्पीकर पडद्याजवळ ठेवून जोरात लावायचा ही लग्नाची पद्धत झाली. ड्राइव्ह-इनमध्ये प्रत्येक गाडीच्या काचेला एक छोटा स्पीकर अडकवलेला असायचा, आवाज लहान पण कानाजवळ. आपणही दोन-तीन छोटे स्पीकर लोकांच्या मधे ठेवायचे, हळू आवाजात, मग खालच्या मजल्यालाही त्रास नाही आणि कुजबुज कुजबुजीसारखी ऐकू येते. ब्लूटूथने जोडलं तर आवाज ओठांच्या मागे पडतो, म्हणून ऑक्सची वायर, पाच-सहा मीटरची, स्वस्त मिळते.

आता मुख्य, पिक्चर कुठला. मी गच्चीवर फक्त असेच लावते जे अमेरिकेत कॉपीराइटमधून सुटलेले आहेत, नोटीस छापायची राहिली किंवा वेळेत नूतनीकरण झालं नाही म्हणून, आणि आपल्याकडेही सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो, त्या हिशोबातही जुने झालेले. तरी कुणी नव्याने साफ करून, संगीत बदलून काढलेली आवृत्ती असेल तर ती टाळा, तिचे हक्क वेगळे असू शकतात. आणि योगायोगाने म्हणा, गच्चीला सगळ्यात जास्त शोभतात तेही हेच, कारण ब्लॅक अँड व्हाइट आहेत, चेहरा पांढरा, मागचं काळं, कमी उजेडाच्या प्रोजेक्टरवरही उठून दिसतात.

सुरुवात 'हाऊस ऑन हाँटेड हिल' ने करा, १९५९ चा, ७५ मिनिटं, दिग्दर्शक विल्यम कॅसल. एक श्रीमंत माणूस पाच जणांना भुताच्या घरात रात्र काढायला बोलावतो, जो टिकेल त्याला दहा हजार डॉलर. तो श्रीमंत माणूस म्हणजे व्हिन्सेंट प्राइस, त्याचा आवाज ऐका, मखमलीत गुंडाळलेली सुरी. घर बाहेरून दाखवलंय ते लॉस एंजेलिसमधलं एनिस हाऊस आहे, फ्रँक लॉइड राइटने बांधलेलं, १९२४ चं, आणि आतला भाग स्टुडिओतला जुनाट वाडा, दोन्हीचा काही मेळ नाही पण बघताना एकदाही खटकत नाही. तळघरात ती म्हातारी सरकत जाते त्या क्षणी आमच्याकडे दरवेळी किंचाळी फुटते, मी तो क्षण येणार हे माहीत असूनही दचकते.

या पिक्चरबरोबर कॅसलने एक प्रकार केला होता, इमर्गो म्हणायचे त्याला, पडद्यावर सांगाडा बाहेर येतो त्याच वेळी थिएटरात खराखुरा प्लास्टिकचा सांगाडा तारेवरून प्रेक्षकांच्या डोक्यावरून जायचा. हे गच्चीवर नक्की करा! जाड पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा सांगाडा कापा, तीन-साडेतीन फुटांचा पुरे, पांढरा रंग द्या, टाकीच्या पाइपापासून समोरच्या कठड्यापर्यंत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी ताठ बांधा, माणसं उभी राहिली तरी डोक्याला लागणार नाही एवढी उंच, त्यावर दोन पडद्याच्या रिंगा सरकवा, रिंगांना सांगाडा, आणि सांगाड्याला पुढे मागे ओढायला काळा दोरा. मांजा अजिबात वापरू नका, गळ्याला, बोटाला कापतो. दोरा ओढायला एखादा सातवी-आठवीतला मुलगा किंवा मुलगी नेमा, त्यांना आधी दिवसा एकदा पिक्चरचा शेवटचा भाग दाखवा आणि इशारा ठरवा, पडद्यावर आम्लाच्या हौदातून सांगाडा वर आला की मनात पाच अंक मोजून सोडायचा. मुलांना दिलेलं हे काम ती इतक्या मन लावून करतात की काही विचारू नका. अमेरिकेतली पोरं त्या सांगाड्यावर पॉपकॉर्नची खोकी फेकायची, आमच्याकडे शेंगदाण्याची टरफलं उडाली.

मग पंधरा मिनिटं मध्यंतर. वडापाव आधीच आणून डब्यात ठेवा, किंवा भडंग आणि थर्मासमधला चहा, पण दिवे लावू नका, मोबाइलचे टॉर्चसुद्धा जमिनीकडे. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, एक ट्यूब लावली की ती सगळी कमाई जाते आणि पुढच्या पिक्चरची पहिली वीस मिनिटं वाया.

दुसरा 'कार्निव्हल ऑफ सोल्स', १९६२, ७८ मिनिटांचा. हा माझा जीव आहे. दिग्दर्शक हर्क हार्वे, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी शाळांसाठी, कारखान्यांसाठी माहितीपट काढणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. एकदा कॅलिफोर्नियाहून गाडी चालवत परत येताना सॉल्ट लेकच्या काठावर त्याला संध्याकाळच्या उजेडात सॉल्टएअर नावाचा ओसाड पडलेला मनोरंजनाचा मंडप दिसला, प्रचंड, घुमटवाला, रिकामा. त्या एका जागेसाठी त्याने गोष्ट लिहून घेतली, नोकरीतून सुट्टी काढली, साधारण ३३ हजार डॉलरमध्ये अख्खा पिक्चर केला आणि त्यातलं पांढऱ्या चेहऱ्याचं भूतही स्वतःच झाला. एक मुलगी, गाडी पुलावरून नदीत पडते, ती एकटीच चिखलाने माखलेली बाहेर येते आणि दुसऱ्या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या नोकरीला जाते, बस, यापुढे सांगत नाही. रक्त नाही, राक्षस नाही. तेव्हा ड्राइव्ह-इनमध्ये चालला नाही, वितरकाने कापाकापी केली, आणि खरी किंमत कळायला १९८९ उजाडलं, परत थिएटरात लागला तेव्हा.

यात दोनदा असं होतं की त्या मुलीच्या भोवतालचा सगळा आवाज जातो, रस्ता चालू आहे, माणसं बोलतायत, पण ऐकू काही येत नाही आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही. इथे कुणीतरी नक्की म्हणणार "आवाज गेला, वायर बघ", तर आधीच सांगून ठेवा की वायर ठीक आहे, आणि आवाज वाढवू नका. आमच्या गच्चीवर त्या शांततेत खालच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली, लांबून एक रिक्षा गेली, आणि पंचवीस माणसांतलं कुणी हललं नाही. मी हा पिक्चर लॅपटॉपवर चार वेळा बघितला होता, पण त्या मुलीचं एकटेपण मला तिथे उघड्यावर कळलं.

हिशोब बघा, ७५ अधिक १५ अधिक ७८, म्हणजे १६८ मिनिटं, सातला सुरू केलं तर नऊ अठ्ठेचाळीसला संपतं. म्हणून म्हटलं की दहाची मर्यादा आपल्या सोयीची, हे पिक्चर एका रात्रीत दोन बसावेत अशाच मापाने काढलेले आहेत.

दुसऱ्या वर्षी काय लावायचं तर 'डिमेन्शिया १३', १९६३ चा. कॉरमन युरोपात रेसिंगचा पिक्चर काढत होता, त्यातून उरलेल्या पैशात आणि उरलेल्या माणसांत विशीतल्या फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने आयर्लंडमध्ये जाऊन हा काढला, वाडा, तळं, मेलेल्या लहान मुलीची आठवण, एक कुऱ्हाड. आईच्या भूमिकेतल्या बाईंचं काम जबरदस्त आहे. त्याच साली आलेला 'द टेरर' मात्र पाहुण्यांना दाखवू नका, कॉरमनने आपल्याच 'द रेव्हन' चा सेट पाडायच्या आधी दोन-तीन दिवसांत नट बोरिस कार्लॉफचे सीन उरकले, बाकीची गोष्ट नंतर वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी तुकड्या-तुकड्यात जोडली, त्यामुळे काय चाललंय ते कळत नाही. पण तुम्हाला स्वतःला सेट, धुकं, तरुण जॅक निकल्सन बघायचा असेल तर एकट्याने जरूर बघा.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८, तोही याच जमान्याचा आणि अमेरिकेत कॉपीराइटमधून सुटलेला, नाव बदलताना कॉपीराइटची नोटीस पडद्यावर घालायची राहिली म्हणून. फार मोठा सिनेमा आहे, पण मुलं असतील तर लावू नका. तो आला तेव्हा अमेरिकेत वयाप्रमाणे सर्टिफिकेट द्यायची पद्धत सुरू व्हायची होती, महिन्याभराने झाली, त्यामुळे दुपारच्या खेळाला लहान मुलं जाऊन बसली आणि रडत बाहेर आली. मोठ्यांसाठी वेगळी रात्र ठेवा, तीही आपल्याकडची साठ वर्षं २०२८ च्या शेवटी भरतात त्यानंतरच.

आणि कॉरमनचे पो वाले रंगीत पिक्चर, १९६१ चा 'द पिट अँड द पेंड्युलम', १९६४ चा 'द मास्क ऑफ द रेड डेथ', हे गच्चीवर नको, घरी बघा, रीतसर विकत किंवा भाड्याने घेऊन, खिडक्यांना चादरी लावून. हक्कांचा प्रश्न आहेच, शिवाय ते लांबट पडद्यासाठी काढलेले आहेत, सहा फूट रुंदीला उंची जेमतेम अडीच फूट उरते, आणि त्यातले गडद लाल, जांभळे रंग उघड्यावर मातकट होतात. इटलीच्या मारियो बाव्हाचा १९६० चा 'ब्लॅक संडे' ब्लॅक अँड व्हाइटच आहे, पण त्यात काळ्याच्या इतक्या छटा आहेत की त्यालाही घराचा काळोखच द्या.

भाषेचं एक. आमच्याकडे निम्म्या लोकांना त्या काळचं अमेरिकन इंग्रजी पटकन कळत नाही. सबटायटल लावा पण रंग पांढरा ठेवू नका, खाली सतत पांढरी ओळ चमकली की डोळा तिथेच जातो, सेटिंगमधून राखाडी किंवा मंद पिवळा करा. त्याहून चांगलं म्हणजे सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं कुणीतरी मराठीत गोष्टीची सुरुवात सांगायची, कोण कोणाचं कोण लागतं तेवढंच, शेवट नाही. आमच्याकडे हे काम तळमजल्यावरच्या आजी करतात. मी त्यांना दुपारी चहाला बसून गोष्ट सांगते आणि त्या संध्याकाळी ती अशी सांगतात की तो वाडा कोकणात कुठेतरी आहे असंच वाटायला लागतं.

डासांसाठी अगरबत्ती पडद्यापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा, धूर प्रोजेक्टरच्या झोतात आला की चित्रावर पांढरा पडदा चढतो. काही जण मुद्दाम धूर सोडूया म्हणतात, ड्राय आइस आणूया म्हणतात, आम्ही नाही करत, वाऱ्यावर टिकत नाही आणि मुलं हात लावायला जातात. धुकं पडद्यात आहे तेवढं भरपूर आहे.

संपल्यावर लगेच दिवे लावू नका, पाच मिनिटं बसू द्या लोकांना, बहुतेक वेळा तेव्हाच कुणीतरी स्वतःच्या गावची गोष्ट काढतं. सतरंज्या उचला, टरफलं झाडून घ्या, दोरी आणि सांगाडा उतरवा. कापडाचा पडदा मात्र त्या रात्री घडी करू नका. डिसेंबर-जानेवारीत दहापर्यंत त्यावर दव उतरलेलं असतं, तसाच गुंडाळला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते पुढच्या वेळी नेमके व्हिन्सेंट प्राइसच्या कपाळावर येतात. बांबूसकट घरात आणून पॅसेजमध्ये उभा करून ठेवायचा आणि सकाळी उन्हात.